पाहुण्यांचा ताणा

टूर कंपनीत दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे लोकांनी गाडीत विसरलेल्या छत्र्या, आणि दुसरी म्हणजे किस्से. छत्र्या मी दर उन्हाळ्यात वाटून टाकतो. किश्शांचं तसं करता येत नाही. एक सांगायला जावं तर त्याच्यामागे चार उभे असतात आणि पाचवा मध्येच घुसतो. परवा जुने दोस्त जमले होते, त्यांना आनेकलच्या हातमागाचं सांगायला बसलो आणि सगळ्यांची जेवणं थंड झाली. तेव्हा ठरवलं, एकदा ओळीने लिहूनच काढू.

मी श्रीनिवास राव, बंगळूरचा मराठी. आमच्या घराण्याला इथे येऊन किती पिढ्या झाल्या ते आजोबांनाही सांगता येत नव्हतं. घरात मराठी, गल्लीत कन्नड, त्यामुळे सगळे मला सीनू म्हणतात. नव्वदच्या दशकात मी इंदिरानगरमधल्या एका छोट्या टूर कंपनीत गाईड होतो. मालक प्रल्हादण्णा, तेही इथलेच जुने मराठी. अण्णांचा आत्मविश्वास दांडगा. गाडी रस्ता चुकली तर ते गाडीला दोष देत नसत, रस्त्याला देत.

*

एका सोमवारी सकाळी ऑफिसात एक बाई आल्या. खांद्याला शबनम, हातात प्लास्टिकची फाइल, चेहऱ्यावर तीन ठिकाणी नकार ऐकून आल्याचा भाव. या वसुधा मॅडम. मूळच्या पुण्याच्या, इथल्या एका संस्थेत पर्यटनावर संशोधन करत होत्या.

त्यांचं म्हणणं असं, की लोक सहलीला जातात, बघतात, फोटो काढतात आणि जसे गेले तसे परत येतात. त्याऐवजी तिथल्या माणसाशेजारी बसून त्यांनी स्वतःच्या हाताने काही केलं तर? बघण्याचं पर्यटन नको, करण्याचं हवं. त्याने माणसात आणि गावात काय फरक पडतो याचा त्यांना अभ्यास करायचा होता. पण अभ्यास करायला आधी सहल पाहिजे, आणि सहल काढायला कंपनी.

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बसेस किती लागतील?"

"बस नाही. एका वेळी आठ माणसं."

आठ माणसांनी आमची व्हॅनसुद्धा भरत नव्हती. मी मनात म्हटलं, झालं, चौथा नकार. पण मॅडम प्रामाणिकपणे बोलून गेल्या की तीन मोठ्या कंपन्यांनी त्यांना वाटेला लावलं आहे. इथेच अण्णा अडकले! मोठ्यांनी नाकारलेली गोष्ट आपण करून दाखवायची, ही त्यांची जुनी खोड.

मॅडमनी फाइल पुढे केली. चाळीस पानी प्रस्ताव आहे, सावकाश वाचा म्हणाल्या. अण्णांनी फाइल न उघडता ड्रॉवरमधून एक कोरं पोस्टकार्ड काढून त्यांच्यासमोर ठेवलं. म्हणाले, "जी सहल एका कार्डावर मावत नाही, तिला माणसं येत नाहीत. यावर लिहा."

मॅडमनी पाऊण तास घेतला, तीन कार्डं फाडली आणि चौथ्यावर चार ओळी लिहिल्या. ते कार्ड पुढे अण्णांच्या टेबलावर काचेखाली गेलं. चाळीस पानं आमच्यापैकी कोणीही वाचली नाहीत, मीसुद्धा नाही.

*

करण्यासारखं कुठे काय आहे, हे शोधत आम्ही बंगळूरजवळच्या आनेकलला पोचलो. तिथे नंजप्पण्णा भेटले. साठी ओलांडलेले विणकर, तीन पिढ्यांचं रेशमाचं काम. घराच्या पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि समोर माग. त्यांना कन्नडशिवाय काही येत नव्हतं, पण त्यांचं बोलणं मी इथे मराठीतच सांगतो.

त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं की तुम्हाला उशीर झाला. येत्या युगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, हा माग उठणार. त्यांचा मुलगा मंजुनाथ पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर होता, आठवडाभर तिकडेच राहायचा. त्याला स्वतःचं लेथ मशीन घेऊन घरीच छोटं वर्कशॉप काढायचं होतं, आणि त्यासाठी घरात पक्की जागा ही एकच. खड्डा बुजवायचा, वर काँक्रीट ओतायचं. बापाने मुलाला तसा शब्द दिला होता. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी सरळ होता, पण हात मागाच्या खांबावरून सारखा फिरत होता. मला ते बघवेना.

मॅडम म्हणाल्या, युगादीला सहा महिने आहेत, तेवढे आम्हाला द्या.

 नंजप्पण्णांनी मॅडमना खुणेनेच चपला काढायला लावल्या आणि खड्ड्यात बसवलं. धोटा हातात दिला. धोटा म्हणजे आडवा दोरा इकडून तिकडे नेणारी ती लाकडी होडी. मॅडमनी तो असा फेकला की उभे अकरा दोरे तुटले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा नंजप्पण्णा त्यांना विणकराची गाठ शिकवत होते. तुटलेला प्रत्येक दोरा त्यांनी मॅडमकडूनच जोडून घेतला.

गाठी मारता मारता गप्पा निघाल्या. नंजप्पण्णांचे वडील गेले तेव्हा मागावर अर्धा ताणा होता. ताणा म्हणजे उभ्या दोऱ्यांचा लांबच लांब पट्टा, मागच्या रुळावर गुंडाळलेला. तो शेवटच्या दोऱ्यापर्यंत विणून झाल्याशिवाय मागाला हात लावायचा नाही, ही त्या घरची रीत. बाराव्यापर्यंत गल्लीतले विणकर आळीपाळीने येऊन बसले आणि त्यांनी तो ताणा संपवला. मग घराची झाडलोट झाली.

मॅडम दुपारी चार वाजता खड्ड्यातून बाहेर आल्या. बसमध्ये त्यांनी वही उघडली, बराच वेळ विचार केला आणि एवढंच लिहिलं: आजची निरीक्षणं, अकरा गाठी.

*

काम ठरलं, पण पहिली ठिणगी लगेच उडाली.

मॅडमची एक अट होती. पाहुण्यांसाठी स्वतंत्र ताणा लावायचा आणि त्यावर फक्त पाहुण्यांनीच विणायचं. प्रत्येकाने चार बोटं. कोणाचं कापड कसं आलं, पहिल्याचं आणि पन्नासाव्याचं, तुमची शिकवण्याची पद्धत कशी बदलत गेली, हे सगळं त्या कापडावर नोंदीसारखं दिसेल. मध्ये तुमचा हात लागला तर नोंद बिघडेल.

म्हणजे ज्याचा माग, त्यानेच त्या ताण्यावर विणायचं नाही! मी हे कन्नडमध्ये सांगताना शक्य तितकं गोड केलं, तरी नंजप्पण्णांना कळायचं ते कळलं. ते ताडकन उठले आणि आत गेले. आतून भांड्यांचा आवाज आला. अण्णा मॅडमना हळूच म्हणाले की बाई, स्वयंपाकघरात जाऊन दुसऱ्याच्या घरच्या सुनेला चुलीला हात लावू नको म्हणालात तुम्ही. मॅडमचा चेहरा पडला, पण अट मागे घेईनात. संशोधनाच्या बाबतीत त्या अण्णांपेक्षा हट्टी होत्या.

दहा मिनिटांनी नंजप्पण्णा कॉफी घेऊन बाहेर आले. त्यांनी मॅडमना दोन गोष्टी विचारल्या. हा नियम तुमचा, की तुमच्या संस्थेचा? मॅडम म्हणाल्या, माझा. मग मी शब्द दिला तर तो तुम्हाला दिला, की कागदाला? मॅडम म्हणाल्या, मला.

"सरी," म्हणजे ठीक आहे, नंजप्पण्णा म्हणाले. "त्या ताण्याला माझा धोटा लागणार नाही. पण रेशीम देणार नाही. पाहुण्यांच्या हातांना सूतच बरं."

पुढे आयुधपूजेला आम्ही आनेकलला गेलो, तर मंजुनाथ सुटीवर आलेला. भला माणूस, कमी बोलणारा. वडिलांनी सांगितलेली एक वस्तू त्याने कारखान्यातून स्वतःच्या हाताने करून आणली होती: ताण्याचा रूळ असतो ना, त्याच्या दोन टोकांना बसवायच्या दोन लोखंडी चकत्या. जुन्या चकत्यांवरून सूत घसरतं, असं वडिलांनी त्याला सांगितलं होतं. नव्या चांगल्या परातीएवढ्या मोठ्या होत्या. अण्णांनी त्या उचलून बघितल्या, वाकवून बघितल्या आणि कारागिरीची तारीफ केली. मंजुनाथ लाजला. नंजप्पण्णांनी चकत्यांना हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि रुळाला बसवल्या.

त्याच दिवशी बापलेकांची थोडी बोलाचालीही झाली. नंजप्पण्णा म्हणत होते की लेथ मागच्या गोठ्यात टाक, गाय जाऊन चार वर्षं झाली. मंजुनाथ म्हणाला, छप्पर पडकं आहे, आणि तुम्ही शब्द दिलाय.  दिलेला शब्द काढून दाखवला की त्या घरात भांडण तिथेच संपायचं.

*

दसऱ्यानंतर सहली सुरू झाल्या. पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी आलेली तरुण मंडळी तेव्हा इंदिरानगरच्या आसपास खूप राहायची. रविवारी करायचं काय हा त्यांच्यापुढे मोठा प्रश्न. अण्णांनी पोस्टकार्डावरच्या चार ओळी छापून चिकटवल्या आणि आठ-आठचे गट भरू लागले.

मॅडमचा एक फॉर्म होता. विणून झालं की पाहुण्यांनी तो भरायचा, प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी मार्क द्यायचे. आपण काही शिकलो असं वाटलं का, विणकराबद्दलचं मत बदललं का, असे प्रश्न. पहिल्या तीन रविवारी मार्क तीनच्या आसपास घुटमळले. अण्णांना तो स्वतःचा अपमान वाटला.

चौथ्या रविवारी मार्क एकदम साडेचारवर गेले. पाचव्यालाही तेच. मॅडम खूश. त्यांनी टेबलं मांडली, आलेख काढला, नंजप्पण्णांच्या शिकवण्यात कुठला बदल झाला असेल यावर तीन पानं लिहून काढली. मग एका रविवारी त्या लवकर पोचल्या आणि त्यांना बदल सापडला. अण्णांनी फॉर्मची वेळ हलवली होती. आधी तो जेवणाआधी भरायचा, आता जेवणानंतर, आणि जेवणात होळिगे. म्हणजे पुरणपोळी, वर तूप.

मॅडमनी अण्णांना बाजूला घेऊन समजावलं की याने अभ्यास खोटा पडतो. माणूस विणण्याबद्दल खूश आहे की पोळीबद्दल, हे कसं कळणार?

अण्णा जराही डगमगले नाहीत. "मॅडम, उपाशी माणसाने दिलेले मार्क तुम्हाला खरे वाटतात, आणि जेवलेल्याने दिलेले खोटे? असं का?"

 दुसऱ्या आठवड्यात मॅडमच्या फॉर्मवर एक नवी ओळ आली: फॉर्म भरण्यापूर्वी आपण किती होळिगे खाल्ल्या?

*

आता जरा तिखट किस्सा.

डिसेंबरात मॅडमनी दोन गट ठरवले. एकाने नेहमीसारखं विणायचं. दुसऱ्याने फक्त बघायचं, हात लावायचा नाही. दोघांत काय फरक पडतो, हेच त्यांच्या सगळ्या संशोधनाचं मर्म. त्यासाठी त्यांनी संस्थेत भांडून वेळ मिळवला होता. बघ्यांच्या गटाच्या दिवशी त्यांना नेमकं संस्थेत थांबावं लागलं, म्हणून मी आणि अण्णा गेलो. कोणालाही मागाला हात लावू देऊ नका, असं मला चारदा बजावलं होतं.

पाहुणे खड्ड्याभोवती उभे राहिले. नंजप्पण्णांनी नुसतं सांगायला सुरुवात केली. पाच मिनिटांत त्यांचीच, म्हणजे शिकवणाऱ्याचीच, चुळबुळ सुरू झाली. त्या गटात मुंबईची एक मुलगी होती, ती हात मागे बांधून धोट्याकडे टक लावून बघत होती. नंजप्पण्णांनी मला विचारलं, हिने काय चूक केली आहे? मी म्हटलं, काही नाही, हिच्या गटाला परवानगी नाही. ते म्हणाले की ताट मांडून पाहुण्याला नुसतं बघ म्हणायचं, असला नियम त्यांच्या दारात चालणार नाही. शब्द दिलाय तो आपण स्वतः विणायचं नाही याचा. पाहुण्यांना विणू देणार नाही, असा शब्द दिलेला नाही.

आणि त्यांनी त्या मुलीला बसवलं. मग आठही जणांना.

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा खिडकीतून बाहेर नारळाचं झाड बघत होते.

मॅडमना फॉर्मवरूनच कळलं. ऑफिसात आल्या, खुर्चीवर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्हाला ही सगळी गंमत वाटते, माझी तीन वर्षं यात आहेत, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं; चूक माझीही होती, मी अडवू शकलो असतो.  पंधरा दिवस मॅडम आल्या नाहीत. काचेखालचं कार्ड अण्णा रोज पुसायचे.

मग एका सकाळी त्या आल्या आणि म्हणाल्या, आनेकलला जाऊ. तिथे नंजप्पण्णांसमोर बसून त्यांनी मला एकच प्रश्न कन्नडमध्ये विचारायला सांगितला: तुम्ही माझ्या जागी असता, तर हा फरक कसा शोधला असता?

नंजप्पण्णांनी विचार केला आणि मॅडमकडून फॉर्मचा गठ्ठा मागून घेतला. पहिल्या खेपेला विणून गेलेल्यांपैकी किती परत आले, ते मोजा म्हणाले. तेवीसजण परत आले होते, त्यातले काही आईवडिलांना घेऊन. ही माहिती मॅडमच्या फायलीत पडूनच होती, त्यांनी ती कधी जुळवून बघितली नव्हती. त्या दिवशी त्यांनी अभ्यासाची आखणीच बदलली, आणि पहिल्या पानावर नंजप्पण्णांचं नाव घातलं, स्वतःच्या नावाशेजारी.

*

अमावास्येला विणकर माग चालवत नाहीत. बंगळूरमध्ये हे लहान पोराला ठाऊक असतं. पण संशोधकाचं कॅलेंडर वेगळं, टूर कंपनीचं वेगळं आणि पंचांग तिसरंच. जानेवारीत एका रविवारी आम्ही आठ माणसं घेऊन थाटात पोचलो, तर माग झाकलेला.

तसा तो ताणा नेहमीच झाकलेला असायचा. धूळ बसू नये म्हणून रुळावर जुनं धोतर पसरलेलं, विणण्यापुरता भाग उघडा. त्या दिवशी सगळ्यावरच धोतर.

अण्णांनी लगेच तलाव दाखवण्याची तयारी केली. नंजप्पण्णा म्हणाले, थांबा. आज माझे हात मोकळे आहेत, तर यांचे हात बघू. तुम्हाला हाताने काय करता येतं, ते मला शिकवा.

आठ शिकलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. हो नाही करता करता एकाने सांगितलं की त्याला मोज्याला पडलेलं भोक रफू करता येतं, आजीने शिकवलं आहे. नागपूरच्या एकाला पतंगाची कामटी बांधता यायची. आणि पुण्याच्या एका बाईंना उकडीचे मोदक. मग काय! नंजप्पण्णांच्या बायकोने, गौरक्कांनी, तांदळाची पिठी काढली, नारळ फोडला आणि नंजप्पण्णा मांडी घालून मोदकाच्या पाकळ्या पाडायला बसले. ज्या बोटांनी केसाएवढे दोरे जोडले जायचे, त्या बोटांतला प्रत्येक मोदक फुटला. गौरक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या.

शेवटी नंजप्पण्णांनी फॉर्म मागितला. आज पाहुणा मी, म्हणाले. मी वाचत गेलो, ते मार्क सांगत गेले. शिकवणाऱ्याला पाच, स्वतःला दोन. शेवटचा प्रश्न होता, हा उपक्रम किती दिवस चालेल असं आपल्याला वाटतं? नंजप्पण्णांनी मागावरच्या धोतराकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, स्वल्प थांबा, हे रिकामं ठेवा.

मॅडमनी तो अर्धा भरलेला फॉर्म जपून पिशवीत ठेवला.

*

फेब्रुवारीत संस्थेत चर्चासत्र झालं. मॅडमनी अभ्यास मांडला, आणि हट्टाने आम्हा तिघांनाही व्यासपीठावर बसवलं. नंजप्पण्णा पांढऱ्या धोतरात, अण्णा टाय लावून, मी घामाघूम.

एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं की अशा एकत्र कामात अभ्यासक कोण आणि व्यावसायिक कोण, ही सीमारेषा तुम्ही कशी आखली? मॅडम उत्तराची जुळवाजुळव करत होत्या, तेवढ्यात अण्णांनी माईक ओढला. "सोपं आहे सर. जो उशिरा येतो तो अभ्यासक. त्याच्यासाठी जो गाडी थांबवून ठेवतो, तो व्यावसायिक."

सभागृह हसलं, मॅडमही हसल्या. जेवणाच्या वेळी दहा लोकांनी आनेकलचा पत्ता मागितला. नंजप्पण्णा प्रत्येकाला एकच सांगत होते, या, पण युगादीच्या आत या. ते ऐकून आमचं हसू ओसरलं.  सहल जमली होती, अभ्यास जमला होता, आणि महिन्याभरात माग उठणार होता. त्यात आमच्या कोणाच्याच हातात काही नव्हतं.

*

युगादीच्या आदल्या रविवारी आम्ही निरोप घ्यायला गेलो. अण्णांनी शाल आणि नारळ घेतला होता. मॅडम वाटभर खिडकीतून बाहेर बघत होत्या.

मंजुनाथ नट खोलायचे पाने घेऊन खोलीत उभाच होता. दारात खडीचा ढीग. त्यालाही अवघड वाटत होतं, हे दिसत होतं. आम्हाला बघून त्याने मान खाली घातली. पण त्याचं लेथ मशीन ठरलं होतं, कारखान्यात त्याने नोकरी सोडायचं कळवलं होतं. त्याचं तरी काय चुकलं?

नंजप्पण्णा म्हणाले, काढ बाबा. शब्द दिलाय.

मंजुनाथने रुळावरचं धोतर ओढलं, आणि तो तसाच थांबला. आम्हीही. परातीएवढ्या त्या दोन चकत्यांच्या मध्ये सूत काठोकाठ भरलेलं होतं. सहा महिने आठ-आठ माणसांनी विणूनही जेमतेम वरचे पदर उतरले होते.

मंजुनाथने विचारलं, हा ताणा केवढा आहे?

"बारा साड्यांचा," नंजप्पण्णा म्हणाले.

 आजोबांच्या वेळची रीत मंजुनाथला कोणी सांगायची गरज नव्हती. त्या बारा दिवसांत गल्लीतल्या विणकरांना कॉफी नेऊन देणारा तोच होता. शेवटी म्हणाला, मग तुम्ही विणून टाका. रोज बसलात तर दोन महिन्यांत होईल, मी थांबतो.

"मला नाही चालत," नंजप्पण्णा म्हणाले. "मॅडमना शब्द दिलाय. या ताण्यावर फक्त पाहुणे." आणि ते मॅडमकडे वळले. "नियम अजून आहे ना?"

मी भाषांतर केलं. मॅडमनी एकदा मंजुनाथकडे बघितलं, एकदा रुळाकडे. मग ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "आहे. नोंद बिघडून चालणार नाही."

त्यांनी पिशवीतून कॅल्क्युलेटर काढला. बारा साड्या, त्यातून झालेलं कापड वजा, एका रविवारी आठ माणसं, माणशी चार बोटं.  आकडा आला तो त्यांनी मोठ्याने वाचला नाही. पिशवीतून तो अमावास्येचा फॉर्म काढला, शेवटच्या प्रश्नासमोरच्या रिकाम्या जागेत आकडा लिहिला आणि कागद नंजप्पण्णांपुढे धरला. शंभर रविवार.

मंजुनाथने पाने खाली ठेवले. खिशातून मोजायची टेप काढली आणि मागच्या दाराने गोठ्याकडे गेला. टेप ओढल्याचा आवाज आला. मग छपराचे वासे ठोकून बघितल्याचा.

अण्णांच्या हातात शाल तशीच होती. आता हिचं काय करायचं, हे त्यांना पहिल्यांदाच सुचत नव्हतं. नंजप्पण्णांनी ती त्यांच्या हातून घेतली, मागे गोठ्यात जाऊन मंजुनाथच्या खांद्यांवर पांघरली आणि नीट केली.

म्हणाले, "चकत्या चांगल्या केल्या आहेस."